गांडुळांची स्वीकृत प्रत

बेबीनंदा मॅडम एस.टी.च्या तिकिटावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचतात. खताच्या पोत्यावर, औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेल्या पातळ कागदावर, लग्नपत्रिकेच्या तळाशी मुद्रणालयाच्या नावापुढे, जिथे जे छापलेले असेल ते त्या पहिल्या अक्षरापासून वाचतात आणि कागद होता त्या घडीवर परत ठेवतात. जाफराबाद तालुक्यातील एका महाविद्यालयात त्या एकोणतीस वर्षे ग्रंथपाल आहेत. या काळात त्यांनी न वाचता एकाही कागदावर सही केलेली नाही. पगारपत्रकावर त्यांची सही सर्वांत शेवटी होते आणि त्या दिवशी कार्यालयातील कारकून दोनदा चहा पितात.

ही सवय वडिलांची. ते तहसील कचेरीत शिपाई होते. अर्जावर अंगठा उठवायला आलेल्या माणसाला ते आधी संपूर्ण अर्ज वाचून दाखवीत. त्यामुळे रांग लांबत असे. एकदा नायब तहसीलदारांनी विचारले, "वाचून काय फरक पडणार आहे? अंगठा तर तो देणारच." वडील म्हणाले, "देऊ द्या साहेब. पण कशाला देऊन राह्यला ते तं त्याला कळू द्या." या उत्तरानंतर त्यांची बदली परतूर तालुक्यात आष्टीला झाली. म्हणून मॅडमचे सातवीपर्यंतचे शिक्षण आष्टीत झाले आहे.

मी त्या ग्रंथालयाचा तीन वर्षे सभासद होतो. पुस्तक परत करताना मॅडम विचारीत, "शेवटचं पान वाचलं का?" हो म्हटले तर त्यावर काय आहे ते सांगावे लागे. नाही म्हटले तर पुस्तक आणखी सात दिवसांसाठी नोंदवून हातात परत येई. त्यामुळे आमच्या वर्गातील बहुतेकांनी पुष्कळ पुस्तकांची शेवटची पाने वाचली आहेत.

पुढची हकिकत मला सालेहाने आणि भारतने सांगितली. मॅडमना विचारले तेव्हा त्यांनी फक्त तारखा दुरुस्त केल्या.

सालेहा त्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. तिची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे ती शिकवते तेवढे तास प्राध्यापक असते आणि उरलेल्या वेळी नसते. तिने गांडुळांवर संशोधन करायचे ठरवले तेव्हा तिचे मामू अबुबकर, ज्यांचे मेन रोडवर टंकलेखन आणि फ्लेक्स छपाईचे दुकान आहे, तिला म्हणाले होते, "बेटा, अल्लाने इतके जानवर बनवले, तुला हेच भेटलं?" तरी तिच्या शोधनिबंधाचे सर्व टंकलेखन त्यांनीच केले, कारण त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता.

विज्ञान संशोधनाला अनुदान देणाऱ्या एका संस्थेने सालेहाचा प्रस्ताव मंजूर केला होता. तीन शेते, प्रत्येकात तीन वाफे. पहिल्या वाफ्यात काहीच घालायचे नाही, दुसऱ्यात शेणखत, तिसऱ्यात तणनाशक. पावसाळा संपत आला की फूटभर खोल चौकोन खणून त्यातील गांडुळे मोजायची. खणण्याचे काम ग्रंथालयाचा शिपाई भारत करी. अशा दोन वर्षांच्या मोजणीवर पहिला टप्पा संपला. पुढची मोजणी तीन वर्षांनी, दुसऱ्या टप्प्यात होती आणि ती चुकली की मागचे आकडे सुटे पडतात, त्यांचा पुढे कशाशीही ताळमेळ लावता येत नाही. हे सालेहाने सर्वांना अनेकदा सांगितले होते. भारतला ते पटले होते, कारण खड्डे त्याने खणले होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये तिचा निबंध परदेशातील एका नियतकालिकाने स्वीकारला. परीक्षकांनी सुचवलेले सर्व बदल झाले होते. फक्त छापायचा राहिला होता. प्राचार्य सर्जेराव सरांना ही बातमी मिळताच त्यांनी फ्लेक्स लावण्याचे ठरवले. आमच्याकडे वाढदिवस, निवड, बदली आणि बदली रद्द होणे या चारही प्रसंगी फ्लेक्स लागतो, त्यामुळे यात नवीन काही नव्हते. नवीन होती ती सरांची कल्पना.

"निबंध सगळा लावा," सर म्हणाले.

"सर, अठरा पानं आहेत," सालेहा म्हणाली.

"मंग? बाकीचे कॉलेजवाले नुसतं अभिनंदन लावतेत. आपण पुरावा लावू."

अबुबकरमामूंनी वीस फूट रुंद आणि बारा फूट उंच फ्लेक्स तयार केला. वर प्राचार्यांचा फोटो, त्याच्या शेजारी महाविद्यालयाच्या संस्थाध्यक्षांचा, खाली कोपऱ्यात सालेहाचा, ओळखपत्रावरून घेतलेला. मध्ये तीन ओळींत सहा-सहा अशी निबंधाची अठरा पाने. फ्लेक्स महाविद्यालयाच्या फाटकावर चाळीस दिवस होता. निबंध इंग्रजीत असल्यामुळे तो किती जणांनी वाचला याची नोंद नाही. एका पालकांनी मात्र कार्यालयात येऊन ही प्रवेशाची यादी आहे का, असे विचारले.

१८ नोव्हेंबरला निबंध नियतकालिकाच्या संकेतस्थळावर आला. १ जानेवारी २०२४ च्या अंकात तो छापला गेला. सालेहाने छापील पाने प्राचार्यांना दिली, त्यांनी ती कपाटात ठेवली. नियतकालिक वर्गणीचे होते. महाविद्यालय त्याचे वर्गणीदार नव्हते, त्यामुळे स्वतःचा निबंध संकेतस्थळावर पाहायचा झाल्यास सालेहालाही फक्त सारांशापर्यंत जाता येत होते.

पत्र आले ते पुढच्या ऑक्टोबरात. अनुदान देणाऱ्या संस्थेने कळवले होते की, आपल्या पैशांतून झालेले संशोधन कोणालाही विनामूल्य वाचता आले पाहिजे, अंकाच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत. तशा ठिकाणी निबंध ठेवल्याचे प्रमाणपत्र ग्रंथपालाच्या सहीने ३१ डिसेंबरपर्यंत पोहोचले नाही, तर दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव विचारात घेतला जाणार नाही.

सालेहा छापील निबंधाची फाइल पेनड्राइव्हमध्ये घेऊन ग्रंथालयात गेली. तिला वाटले, दहा मिनिटांचे काम आहे.

मॅडमनी पेनड्राइव्ह हातात घेतला नाही. "प्रकाशकाशी करार केला होता ना? तो आण."

"करार म्हणजे मॅडम, वेबसाइटवर टिक केलं होतं."

"वाचून?"

"टिक केल्याशिवाय पुढचं पान येत नव्हतं."

"आणि अनुदानवाल्यांचा?"

"तिथंबी टिकच होती."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे एकीकडे तू लवकर उघडं करीन म्हणून सही केली, आणि दुसरीकडे इतक्यात उघडं करणार न्हाई म्हणून."

सालेहा म्हणाली, "दोन्ही सह्या खऱ्या आहेत, मॅडम."

मॅडमनी प्रकाशकाचे धोरण छापून घेतले. ते एक्केचाळीस पानांचे होते, तळटिपा वेगळ्या. रोज मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्या वाचीत आणि समासात पेन्सिलीने खुणा करीत. चार दिवसांनी त्यांनी सालेहाला बोलावून समोर बसवले.

छापील प्रत कुठेही ठेवायला परवानगी नव्हती. तिची मांडणी आणि भाषेची दुरुस्ती प्रकाशकाची होती. प्रकाशकाला शुल्क दिले असते तर त्याने स्वतःच ती सर्वांसाठी खुली केली असती, पण ते शुल्क अनुदानातून देण्यास अनुदान देणाऱ्या संस्थेची मनाई होती. त्या संस्थेच्या स्वतःच्या ऑनलाइन संग्रहात निबंध ठेवायचा तर प्रकाशकाच्या मते चोवीस महिने थांबणे आवश्यक होते. महाविद्यालयाच्या संग्रहात ठेवायचा तर बारा महिने पूर्ण झाल्यावर चालणार होते, आणि तेही फक्त स्वीकृत प्रत, म्हणजे परीक्षकांचे बदल झाल्यानंतरची, पण प्रकाशकाचा हात लागण्यापूर्वीची.

"हे म्हणतात बारा महिन्यांच्या आत, ते म्हणतात बारा महिने झाल्यावर," सालेहा म्हणाली. "मधी दिवसच न्हाई राहत."

"राहतात," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पान तेवीसवरील तळटीप दाखवली. प्रकाशक बारा महिने मोजत होता ते निबंध संकेतस्थळावर आला त्या दिवसापासून. अनुदान देणारी संस्था मोजत होती अंकाच्या तारखेपासून. "अठरा नोव्हेंबर आणि एक जानेवारी. एकोणीस नोव्हेंबर ते एकतीस डिसेंबर, त्रेचाळीस दिवस आहेत. दोघांचंही खरं राहतं."

महाविद्यालयाला असा संग्रह नव्हता, ही बाब मॅडमना किरकोळ वाटली. त्यासाठीची मोफत संगणक-प्रणाली मिळत होती आणि तिची पुस्तिका तीनशे बारा पानांची होती. मॅडमनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्राचार्यांनी संग्रहाला संस्थापकांचे नाव, उपाधीसह, देण्याच्या अटीवर मंजुरी दिली. ते नाव पडद्यावर एका ओळीत मावत नाही.

एकोणीस नोव्हेंबरला सर्व तयार होते. स्वीकृत प्रत तेवढी नव्हती.

सालेहाने आपल्या पेनड्राइव्हमध्ये पाहिले, फोनमध्ये पाहिले. सगळीकडे छापील निबंध होता. प्रकाशकाच्या संकेतस्थळावरील तिचे खाते सहा महिन्यांनंतर बंद झाले होते. मॅडम आणि ती अबुबकरमामूंच्या दुकानात गेल्या. मामू एका सरपंचाच्या गालावरील डाग काढत होते.

"ती जुनी फाइल?" ते म्हणाले. "बेटा, छापून आल्यावर तूच तं नवीन आणून देलती. मी बराबर जुनीच्या जागी टाकली. तुझ्या पेनड्राइव्हमधीबी टाकून देली, फोनमधीबी. गडबड नको मनून."

"आणि फ्लेक्सची फाइल, अबुबकरभाई?" मॅडमनी विचारले. "त्यात अठरा पानं होती."

"फ्लेक्सचे फोटो ठेवतो मॅडम, मजकूर न्हाई ठेवत. जागा खाते. फोटो दरसाल लागतो, साहेबांचा वाढदिवस दरसाल येतो. मजकूर कोन वापस मागतं?" त्यांनी सरपंचाच्या गालावरून हात काढला. "तुम्ही पहिल्या आल्या."

प्राचार्यांच्या दालनात बैठक झाली. सरांचा सल्ला सरळ होता. "छापलेलाच टाका ना, मॅडम. जगात कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यले, सर."

"मंग असं करा, छापलेला समोर ठेवून परत टाइप करा. साधा. मांडणी त्यांची न्हाई राह्यली तं झालं."

"शब्द त्यांनी दुरुस्त केले आहेत, सर. कुठं कुठं केले ते आपल्याला माहीत नाही. माहीत असतं तर काढले असते." मॅडमनी प्रमाणपत्राचा नमुना पुढे सरकवला. "इथं लिहिलंय, ही लेखकाची स्वीकृत प्रत असून ती मी तपासली आहे. खाली माझी सही."

"सहीच तं करायची," सर म्हणाले, आणि बेबीनंदा मॅडमशी आपण बोलत आहोत हे त्यांच्या लक्षात आले असावे, कारण त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला.

सालेहाही बैठकीला होती. दालनाबाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, "तुमची सही राहील मॅडम. माझी दोन सालं जातील."

ती आवाज चढवून बोलली नव्हती. मॅडम ग्रंथालयाकडे वळल्या. सालेहा त्या दिवशी घरी गेली आणि तिने जालन्याच्या एका शाळेच्या जाहिरातीवर अर्ज लिहिला, पण पाठवला नाही.

मॅडमनी दुसऱ्या दिवसापासून कार्यालयातील नोंदवह्या वाचायला घेतल्या. आवक, जावक, दुरुस्ती, मोडीत काढलेले सामान. कारकुनांना वाटले, चौकशी लागली आहे; त्यांनी टेबले स्वच्छ केली. चौथ्या दिवशी मोडीच्या वहीत २०२३ च्या अखेरीस एक ओळ सापडली: "फ्लेक्स, वापरलेला, नग एक. शिपाई भारत यास गोठ्याकरिता दिला." खाली भारतची सही होती. ही नोंद करायला तेव्हा मॅडमनीच भारतला लावले होते, कारण तो फ्लेक्स गुंडाळून सायकलवर बांधून तसाच निघाला होता.

त्यांनी भारतला हाक मारली. "तो फ्लेक्स आहे का अजून?"

भारतने आधी वहीकडे पाहिले. "वापस द्यावा लागतो का, मॅडम?"

माहोऱ्याच्या रस्त्याला भारतचे शेत आहे. पुढच्या रविवारी मॅडम आणि सालेहा काळी-पिवळी जीपने निघाल्या. जीप भरायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मॅडमनी जीपच्या काचेवर चिकटवलेला विमा वाचून काढला. त्याची मुदत संपत आल्याचे त्यांनी चालकाला सांगितले.

आमच्याकडे उतरवलेला फ्लेक्स टाकून देत नाहीत. तो कडब्यावर घालतात, कापसावर झाकतात, न्हाणीला आडोसा करतात. एकेका शेतात तीन-तीन पक्षांचे उमेदवार शेजारी शेजारी असतात. भारतने सालेहाचा फ्लेक्स गोठ्याच्या तापणाऱ्या पत्र्याखाली बांबूंना ताणून बांधला होता, छापील बाजू खाली करून. त्यामुळे त्याला ऊन लागले नव्हते, पाऊस लागला नव्हता, आणि गोठ्यात शिरून मान वर केली की डोक्यावर अठरा पाने होती.

"तोंड खाली कामून केलं?" सालेहाने विचारले.

"वर केलं असतं तं सरांच्या तोंडावर पाली हिंडल्या असत्या," भारत म्हणाला. "बरं दिसतं का ते?"

त्याची बायको शिवकन्या चारा टाकत होती. ती म्हणाली, "आता म्हशीवर नजर ठेवून हायेत. पहिले दोन दिस म्हैस पान्हावलीच न्हाई. वरून सर बघून राह्यले ना."

"तू गप," भारत म्हणाला.

"खोटं हाय का? अध्यक्षांच्या खाली बांधली तवा कुठं दूध देलं."

मॅडमनी बाज मागितली. म्हैस बाहेर काढून बाज पानांखाली ठेवण्यात आली, आणि एकोणतीस वर्षे खुर्चीत ताठ बसलेल्या बेबीनंदा मॅडम पदर खोचून गोठ्यात बाजेवर उताण्या झोपल्या. सालेहा फोनने एकेका पानाचे फोटो काढी. जिथे बांबू आडवा आला होता किंवा अक्षर पुसट होते तिथे मॅडम मोठ्याने वाचीत आणि सालेहा वहीत उतरवी. एक पान झाले की बाज सरकवायची. पान अकराखालचा बांबू भारतने सोडला, चार ओळी उघड्या झाल्या.

पान चौदावर ताटाएवढे गोल भोक होते. त्यातून दिव्याची वायर खाली आली होती.

"हा तुकडा कुठं गेला?" मॅडमनी झोपूनच विचारले.

भारतला आठवेना. शिवकन्या घरात गेली आणि लोणच्याची बरणी घेऊन आली. तोंडावर फडक्याऐवजी पान चौदाचा तुकडा सुतळीने बांधलेला होता. "वारं लागत न्हाई यानं," ती म्हणाली. "वाचून झाल्यावर देसाल ना वापस?"

तुकड्यावरची एक ओळ तेलाने पिवळी झाली होती. तीन शब्द लागत नव्हते. सालेहा म्हणाली, ते काय असतील हे मला आठवतं. मॅडम म्हणाल्या, "आठवतं ते वेगळं. दिसतं ते लिही."

पान सातवर गांडुळांच्या मोजणीचा तक्ता होता. ते पान नेमके म्हशीची धार काढायला बसण्याच्या जागेवर येत होते. सालेहा तिथे फोन वर धरून उभी असताना शिवकन्या जवळ आली. "ताई, एक इचारू का? तिसऱ्या रकान्यात आकडे कमी कामून हायेत?"

सालेहाने फोन खाली घेतला.

"रोज धार काढताना दिसतं," शिवकन्या म्हणाली. "पहिल्यात एकतीस, दुसऱ्यात अडतीस, तिसऱ्यात नऊ. आकडे मला येतेत. वर काय लिव्हलंय ते ह्यांना इचारलं, तं हे म्हनले तिसरा वाफा फवारल्याचा, मीच खंदला. मंग औंदा बांधाला मी फवारू देलं न्हाई."

"भांडली मनून न्हाई फवारलं," भारत म्हणाला.

परीक्षकांनी सालेहाला नमुन्यांच्या संख्येबद्दल विचारले होते. प्राचार्यांनी फोटोच्या आकाराबद्दल विचारले होते. तिसऱ्या रकान्याबद्दल तिला कोणी काही विचारल्याचे हे पहिलेच उदाहरण होते. ती शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसली आणि पाऊण तास शिवकन्येला समजावून सांगत राहिली. मॅडम तोवर बाजेवर झोपून संदर्भसूची वाचीत होत्या.

अबुबकरमामूंनी दोन दिवसांत सर्व टाइप केले. मॅडमनी ते फोटोंशी ओळीने ताडून पाहिले, मग छापील निबंधाशीही. प्रकाशकाने एकूण त्र्याऐंशी दुरुस्त्या केल्या होत्या. त्यांतील एकोणसत्तर स्वल्पविराम होते. शेवटच्या पानावरचे एक वाक्य त्याने गाळले होते: टंकलेखनाबद्दल जाफराबाद येथील अबुबकर यांचे आभार. स्वीकृत प्रतीत ते होते. टाइप करताना मामूंनी ते पाहिले आणि चष्मा पुसला. "हे मी मागंबी टाइप केलं असंल," ते म्हणाले. "ध्यानात कसं न्हाई आलं?" त्यांच्या संगणकावर आता 'फोटो'शेजारी 'मजकूर' असा एक कप्पा आहे. त्यात एक फाइल आहे.

१७ डिसेंबरला निबंध संग्रहात गेला, ही छापील प्रत नव्हे हे सांगणाऱ्या, प्रकाशकाने घालायला लावलेल्या वाक्यासह आणि छापील निबंधाच्या दुव्यासह. प्रमाणपत्राखाली मॅडमनी स्वतःच्या अक्षरात एक टीप जोडली: "पान १४, ओळ ६ : तीन शब्द तेलामुळे अवाचनीय." सर म्हणाले, हे लिहायची गरज नव्हती. मॅडमनी सही केली आणि पेनाला टोपण लावले.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. अटीची पूर्तता झाली होती. तेलाबद्दल काही म्हटलेले नव्हते. मार्चमध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला आणि सप्टेंबरात भारतने पुन्हा खड्डे खणले. शाळेचा अर्ज सालेहाने फाडला नाही. त्याच्या पाठीमागे तिने त्या वर्षीचे आकडे उतरवले आहेत. संग्रहातील निबंध पहिल्या वर्षी तेवीस वेळा उघडला गेला. त्यांतील सात वेळा मॅडमनी, तो उघडतो की नाही हे पाहण्यासाठी.

एक गोष्ट राहिली होती. संग्रहाच्या नियमांत, जे मॅडमनीच लिहिले होते, मूळ प्रत कोठे आहे याची नोंद ठेवणे बंधनकारक होते. दाखल नोंदवहीत त्यांनी ओळ लिहिली. प्रकार : फ्लेक्स. पृष्ठे : अठरा. ठिकाण : भारत यांचा गोठा, पान १४ चा काही भाग शिवकन्या यांच्याकडे, बरणीवर.

नोंद असली की वार्षिक पडताळणी आली. यंदा मार्चअखेर ग्रंथालयातील सर्व पुस्तके मोजून झाल्यावर मॅडम नोंदवही पिशवीत घालून जीपने माहोऱ्याच्या रस्त्याला गेल्या. त्यांनी गोठ्यात मान वर करून पाने मोजली. अठरा होती. मग घरात जाऊन बरणी पाहिली. लोणचे नवे होते, झाकण तेच होते.

शिवकन्येने चहा दिला. "बाई," तिने विचारले, "सप्टेंबरात परत मोजले ना? आकडे काय निघाले?"

"छापून आल्यावर कळेल," मॅडम म्हणाल्या.

"मंग आमाला कवा कळंल?"

मॅडमनी मनात हिशेब केला असावा. संकेतस्थळावरची तारीख, अंकाची तारीख, बारा महिने. मग त्यांनी नोंदवही मिटली, सालेहाला फोन लावला आणि तो शिवकन्येच्या हातात दिला. "तिलाच विचारा," त्या म्हणाल्या. "तोंडी सांगायला मनाई नाही. मी सगळं वाचलंय."